बिनहवेचे ऐंशी किलोमीटर

रनफ्लॅट टायरच्या माहितीपत्रकात एक वाक्य असतं. हवा पूर्ण गेली तरी वेग ताशी ८० किलोमीटरच्या आत ठेवून साधारण ८० किलोमीटर जाता येईल. ते वाचलं आणि मला पुराणांतले उःशाप आठवले. तिथेही अशीच नेमकी कलमं असतात. शिळा होऊन पडशील, पण अमुक युगात अमुक पुरुषाची पायधूळ लागली की सुटशील. सर्प होशील, पण कुणी तुझ्या प्रश्नांची नीट उत्तरं दिली की पुन्हा स्वर्गात जाशील. खिळा लागेल, हवा जाईल, पण ऐंशी किलोमीटर तुझं चालणं थांबणार नाही. ऋषी मात्र या खेपेला जर्मनीतल्या नाहीतर जपानमधल्या एखाद्या प्रयोगशाळेत बसलेला. वर देताना त्याच्या डोळ्यांपुढे आमच्या रत्नागिरीजवळच्या हातखंब्याचा तिठा असण्याचं काही कारण नव्हतं.

मी आपला नकाशा घेऊन बसलो. रत्नागिरीच्या मारुती मंदिरापाशी खिळा लागला असं धरू. मुंबईच्या दिशेने निघालं तर संगमेश्वर मागे पडेल, सावर्डेही जाईल, आणि चिपळूण आता आलंच असं वाटत असताना अभय संपेल. कोल्हापूरकडे वळलं तर साखरपा, मग आंबा घाटाची चढण, आणि मलकापूरच्या आसपास टायर हात जोडेल. गोव्याकडे लांजा, राजापूर करत खारेपाटणच्या अलीकडेपलीकडे. पश्चिमेकडे निघालं तर या वराचा काहीच उपयोग नाही, कारण त्या बाजूला समुद्रच आहे. राहिली ताशी ८० ची अट. ती पाळण्यासाठी आमच्याकडे कुणाला वेगळे कष्ट घ्यावे लागत नाहीत. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण इतकी वर्षं चाललं आहे की ‘पुढे वळणरस्ता’च्या पाट्यांवर अक्षरं जुळवायला शिकलेली मुलं आता स्वतः गाड्या चालवतात. चांगली फुगलेली चार चाकं घेऊनसुद्धा आम्ही त्या रस्त्यावर वर्षानुवर्षं बिनहवेच्या वेगानेच गेलो आहोत.

टायर म्हणून आपल्याला जे दिसतं ते नुसतं आवरण. गाडीचं ओझं रबर पेलत नाही, आत कोंडलेली हवा पेलते. रबर तिला फक्त कुठे जाऊ देत नाही. ही युक्ती रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाला १८४५ साली सुचली होती. त्याने पेटंट घेतलं आणि जगाने ते शांतपणे विसरून टाकलं. मग १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने आपल्या पोराच्या तिचाकी सायकलीला हवा भरलेल्या नळ्या बांधल्या. पोराला दगडी रस्त्याचे हादरे बसू नयेत, एवढीच बापाची इच्छा. सगळ्या जगाचे रस्ते मऊ झाले ते त्या एका मुलाच्या बुडाच्या काळजीने, हे मला फार आवडतं. आपल्याकडे तर १९४६ मध्ये मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूरला मामेन माप्पिल्लै यांनी मुलांचे फुगे बनवायला घेतले आणि त्यातून पुढे एमआरएफ उभी राहिली. हवेच्या धंद्याची सुरुवात लेकरांपासून होते असं दिसतं.

या भाविक घराण्यात रनफ्लॅट हा नास्तिक निपजला. आत हवा असेल तर उत्तम, नसली तर बघून घेऊ. त्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंती उष्णता सोसणाऱ्या रबराने जाड केलेल्या असतात. हवा गेली की साधा टायर धोतर सुटल्यासारखा गोळा होतो आणि लोखंडी रिम रस्त्यावर टेकते. याच्या भिंती मात्र तेवढ्यापुरतं गाडीचं सगळं ओझं अंगावर घेतात. हे फुकट होत नाही. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला भिंत दबते, सुटते, पुन्हा दबते आणि आतून तापत जाते. ऐंशी किलोमीटर म्हणजे त्या तापण्याची वेस. बरेच कारखानदार सांगतात की असा बिनहवेचा धावलेला टायर दुरुस्त करून परत वापरू नये. बाहेरून तो धडधाकट दिसतो. आतली भिंत किती भाजली, ते बाहेरून कळत नाही.

एवढं पांडित्य माझ्या अंगात शिरलं ते शेजारच्या काकूंच्या मुलामुळे. काकू माझ्याहून वयाने फार मोठ्या नाहीत, पण पावसच्या रस्त्यावरची आमची सगळी वाडी त्यांना काकूच म्हणते. मुलगा काही वर्षं श्टुटगार्टला होता. पुण्याला परत येताना तिकडची वक्तशीरपणाची सवय आणि तिकडच्या गाड्यांचं वेड एवढं घेऊन आला. पैकी सवय पुण्यात टिकली नाही. वेड टिकलं, आणि त्याने वापरलेली एक जर्मन गाडी घेतली. चारही चाकं रनफ्लॅट आणि चारही झिजत आलेली. मे महिन्यात आंब्यांच्या निमित्ताने आला तो पडवीत लॅपटॉप उघडून नव्या टायरांचं मूल्यमापन करत बसला. खाली अंगणात काकू पेट्या भरत होत्या. त्यांचंही मूल्यमापन चाललं होतं, पण त्यांना त्यासाठी देठाजवळ नाक नेलं की पुरत होतं.

जर्मनीत एडीएसी नावाचा मोटारवाल्यांचा मोठा क्लब आहे, तो दरवर्षी टायरांची परीक्षा घेतो. ओल्या रस्त्यावर ब्रेक, कोरड्यावर ब्रेक, साचलेल्या पाण्यात पकड, आवाज, झीज असे विषय असतात. गुणांची पद्धत तिथल्या शाळांसारखी, म्हणजे आपल्या उलटी. १ मिळाला तो हुशार, आणि आकडा चढत जाईल तसा विद्यार्थी ढ. काकूंनी येता-जाता एकदा पडद्यावर नजर टाकली आणि म्हणाल्या, “याला सगळ्यांत जास्त पडलेत की रे. हाच घे.” मुलाने समजावून सांगितलं. काकूंना ते पटलं नाही. ज्या देशात जास्त गुणांचा पोर नापास होतो, तिथून हा लवकर परत आला ते बरंच झालं, असा भाव त्यांच्या तोंडावर पेटीचं झाकण ठोकेपर्यंत राहिला.

यादीच्या डोक्यावर लिहिलेलं होतं, उन्हाळी टायर. तिकडे तापमान ७ अंशांच्या खाली उतरलं की या टायरांचं रबर कडक होऊ लागतं आणि रस्त्याची पकड सोडतं, म्हणून ऑक्टोबरपासून ईस्टरपर्यंत वेगळे हिवाळी टायर लावायचा तिथे शिरस्ता आहे. मग काढलेले उन्हाळी टायर ठेवायचे कुठे? तर त्यांच्यासाठी गॅरेजवाले हॉटेलं चालवतात. हो, त्यांना टायरांची हॉटेलंच म्हणतात. फडताळात नावाची चिठ्ठी लावून टायर सहा महिने मुक्कामाला राहतात. गणपतीत आमच्याकडे मुंबईहून माणसं आली की आम्ही त्यांना माळ्यावर, पडवीत, जागा मिळेल तिथे आडवं करतो. तिकडे रबराची एवढी बडदास्त. बाकी रत्नागिरीच्या तापमापकाने ७ हा आकडा कधी पाहिलेला नाही. इथला जानेवारी त्या लोकांना जूनसारखा वाटावा. तेव्हा आमच्या गावातला प्रत्येक टायर उन्हाळीच, रिक्षाचासुद्धा.

गंमत अशी की या उन्हाळी टायराची खरी परीक्षा आमच्याकडे पावसाळ्यात होते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. टायरवरच्या खाचा असतात त्या चाकाखालचं पाणी बाहेर ढकलण्यासाठी. वेग वाढला, खाचा झिजलेल्या असल्या की पाणी बाहेर पडायला उसंत मिळत नाही. मग चाक रस्त्याला सोडून पाण्याच्या पातळ थरावर चढतं, आणि चालकाच्या हातातलं स्टिअरिंग क्षणभर नुसतं शोभेचं उरतं. खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर संपला असं कायदा म्हणतो. ज्याने आरे-वारेच्या उतारावर जुलैची सर अंगावर घेतली आहे, तो कायद्याची वाट पाहत नाही.

मला वाटतं, त्या क्लबाने एकदा आपली परीक्षा रत्नागिरीला घ्यावी. विषय आम्ही काढून देऊ. जांभ्याच्या तांबड्या चिखलात उभी राहिलेली गाडी मागे न घसरता निघते का. चिऱ्याच्या गडग्याला घासल्यावर टायरची बाजूची भिंत शाबूत राहते का, कारण बाजूला मोठी चीर गेली तर रनफ्लॅटचाही इलाज चालत नाही. रात्री भर पावसात कोरडी जागा म्हणून महामार्गाच्या मधोमध बसलेल्या गुरांच्या दोन हात अलीकडे गाडी थांबते का. शेवाळ धरलेल्या पाखाडीशेजारून ती वळते का. आणि डिकीत हापूसच्या पेट्या असताना खड्ड्यातून गेल्यावर किती फळं डागळली, हा तोंडी परीक्षेचा भाग. या शेवटच्या विषयात रनफ्लॅटला काठावर पास करणंही अवघड आहे. जाड भिंतींमुळे तो ताठ चालतो. प्रत्येक गतिरोधकाची बातमी जशीच्या तशी पाठीच्या कण्यापर्यंत पोचवतो. त्यावर कधी कधी ‘टूरिंग’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे लांबच्या प्रवासात आराम देणारा, कमी आवाजाचा. पैलवानाने पाळणा हलवायला घ्यावा, तसं काहीसं ते दिसतं. हेतूबद्दल शंका नाही. बाळ दचकतं एवढंच.

ज्या जादा चाकाची जागा रनफ्लॅट घेतो, त्या स्टेपनीचा इतिहासही मजेचा. मोटारी आल्या तेव्हा त्यांना जादा चाक नव्हतंच. पंक्चर झालं की रस्त्यात बसून टायर सोडवायचा. १९०४ साली वेल्समधल्या लानेली गावात, स्टेपनी स्ट्रीटवर, डेव्हिस बंधूंनी जोडचाक बनवून विकायला काढलं आणि माणसाचे कष्ट वाचले. पुढे शंभर वर्षांनी, दोन हजारच्या दशकात, बीएमडब्ल्यूसारख्या कंपन्यांनी रनफ्लॅट बसवून स्टेपनीच काढून टाकली. २०२० मध्ये तर आपल्या केंद्र सरकारनेही नियम बदलला. गाडीला ट्यूबलेस टायर असतील, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असेल आणि पंक्चर काढायचं साहित्य बरोबर असेल, तर स्टेपनी ठेवायची सक्ती नाही. पण आपल्याकडच्या अशा गाडीवाल्यांपैकी कित्येकांनी बाजारातून स्वतंत्र स्टेपनी घेऊन ती डिकीत आडवी टाकली. ज्या गाडीला स्टेपनी लागू नये म्हणून जादा पैसे मोजले, तिच्यात निम्मी डिकी स्टेपनीने भरलेली. काकूंच्या मुलाचीही तीच तऱ्हा. देवावर विश्वास आहे, पण अंगाऱ्याची पुडीही खिशात असू दे, ही आपली पद्धत टायरच्या बाबतीत का मोडावी?

लहानपणी आम्ही मामाकडे जायचो ते भाड्याच्या अँबॅसिडरमधून, आणि आंबा घाटात पंक्चर झालं नाही तर प्रवास पुरा झाल्यासारखा वाटत नसे. जॅक आणि पाना नेमके सामानाच्या तळाशी. त्यामुळे आधी अख्खा संसार रस्त्याच्या कडेला यायचा. वळकट्या, फणस, कुळथाच्या पिठाचे डबे, लोणच्याची बरणी. बरणी पहिल्यांदा आईच्या मांडीवर सुखरूप पोचवली जायची, मग माणसांची विचारपूस. बाप्ये चाकाभोवती उभे राहून एकेक सूचना करायचे आणि ड्रायव्हर त्यांतली एकही न ऐकता काम करायचा. आम्ही पोरं करवंदीच्या जाळीत. डोंगराच्या कुशीतून वारा यायचा, खाली दरीत कुठेतरी एसटीचा गिअर कण्हायचा, आणि आई डबा उघडायची. घरून निघताना ‘वाटेत खायला’ म्हणून घेतलेला तो डबा पंक्चर झालं नसतं तर कुठे उघडला असता, हा प्रश्न कुणाला पडत नसे. एरवी वडील थांबणाऱ्यांतले नव्हते. ते हसताना मला आठवतात ते बहुतेक अशाच जागी, एका पायावर जोर देऊन नट सैल करताना, बनियनवर काळे डाग घेऊन.

म्हणून माझं मत विचारलंच तर सांगतो. रत्नागिरीतून दिवसा हिंडणाऱ्या संसारी माणसाने साधा ट्यूबलेस टायर आणि चांगली हवा भरलेली स्टेपनी घ्यावी. आमच्या रस्त्यांवर पंक्चरवाला दर थोड्या अंतरावर असतो, त्यासाठी ऐंशी किलोमीटरची शिदोरी बांधायची गरज नाही. पण रात्री एकटीने, पावसात, घाट उतरून घरी येणारी मुलगी असेल, तर तिच्या गाडीला मी रनफ्लॅटच बसवीन आणि त्याच्या ताठपणाबद्दल, किमतीबद्दल चकार शब्द काढणार नाही. तिथे न थांबण्याचं मोल वेगळं आहे.

रनफ्लॅटला दाब सांगणारा दिवा लागतोच लागतो, कारण त्याची हवा गेली तरी वागण्यात फार फरक पडत नाही. चालकाला पत्ताच लागत नाही. मुलाने मला या दिव्याची एक जुनी, स्वस्त तऱ्हा समजावून दिली आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. या तऱ्हेत गाडी हवा मोजतच नाही. ब्रेकसाठी बसवलेले सेन्सर चारही चाकांचे फेरे मोजत असतात, तेच वापरायचे. हवा कमी झालेलं चाक जरासं बसतं, त्याचा घेर लहान होतो, म्हणून बाकीच्यांबरोबर राहण्यासाठी त्याला जास्त फेरे मारावे लागतात. एक चाक इतरांपेक्षा जास्त धावपळ करतंय, हे गाडीच्या लक्षात आलं की दिवा पेटतो. “आणि चारही चाकांची हवा सारखीच, हळूहळू गेली तर?” मी विचारलं. तो म्हणाला, “मग नाही कळत, काका. तुलना करायला कुणी उरत नाही ना.”

आमच्या वाडीत पहिल्या घराला कुलूप लागलं तेव्हा केवढी हळहळ झाली होती. जाता-येता माणसं तिकडे बघायची, तुळशीला पाणी घालायला पाळ्या लावल्या होत्या. मग दुसरं घर मिटलं, मग वरच्या अंगाची दोन. याची सुरुवात जुनी. १९५८ साली टायर बनवणाऱ्या सिएटची भारतातली कंपनी निघाली, मुंबईत भांडुपला कारखाना आला. त्या पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांत कोकणातली माणसं भरली, चाळींत राहिली आणि तिथलीच झाली. काकूंचे यजमानही तिकडेच नोकरीला होते. महिन्याला मनीऑर्डर आणि गणपतीला स्वतः, एवढी त्यांची हजेरी. घरं मात्र उभी आहेत. चिऱ्याच्या भिंती जाड. आत हवा असो नसो, छपराचं ओझं पेलतात. गणपतीत पाच-सात दिवस हवा भरली जाते, दारं करकरतात, माजघरात पोरं धावतात, मग पुन्हा सगळं शांत. आता वाडीत सगळीच घरं सारखी झाल्यामुळे कुणाला काही वेगळं वाटत नाही. काकू पहाटे उठतात, पाणी शेंदतात, गड्याच्या मागे बागेत फिरतात, पेट्या भरतात आणि रात्री फोनवर पुण्याला सांगतात, “मी मजेत आहे हो.” पडवीत बसून टायर पारखणाऱ्या मुलाने हे फेरे मोजलेत की नाही, मला ठाऊक नाही. पण या वेळी जाताना त्याने काकूंना महिनाभरासाठी पुण्याला न्यायचं ठरवलं, आणि काकूंनी चक्क तिसऱ्यांदा नाही म्हणायच्या आत हो म्हटलं.

मला कोल्हापूरला काम होतं, मी त्याच गाडीत बसलो. नवे टायर त्याने पुण्यात सांगून ठेवले होते. रनफ्लॅटच, पण आवाजाच्या विषयात त्यातल्या त्यात बरे गुण असलेले. आंब्याच्या पेट्यांना जागा व्हावी म्हणून डिकीतली स्टेपनी काकूंच्या पडवीत राहिली. पाली मागे पडली, साखरपा यायचा होता, आणि समोर पिवळा दिवा लागला.

“काय झालं रे?” काकूंनी मागून विचारलं.

“काही नाही, आई. एका चाकात हवा कमी झालीय. रनफ्लॅट आहे, अजून ऐंशी किलोमीटर आरामात जाता येतं.”

“जाता येतं म्हणून जायलाच हवं का मेल्या? बाजूला घे. मला चहा हवाय.”

चहाच्या टपरीशेजारीच पंक्चरचं दुकान होतं. दुकानदार केरळचा, पण इतकी वर्षं इथे काढलेली की मराठीत त्याने इकडचे हेल उचललेले. त्याने चाकाला फेस लावून पाहिला. खिळा वगैरे काही नव्हता, वॉल्वच्या पिनमधून बारीक हवा जात होती. तो पिन बदलत होता तोवर काकूंनी त्याच्याकडून यंदा तिकडे फणस कसा आहे, आई कुठे असते, तिच्याजवळ कोण असतं, हे सगळं काढून घेतलं. मुलगा घड्याळ बघत होता, मग बघायचा थांबला आणि दुसरा चहा सांगून आला. पिन आणि हवा मिळून दुकानदाराने सत्तर रुपये सांगितले. काकूंनी लूट, महागाई, ओळखीचा माणूस अशा तिन्ही बाजूंनी घासाघीस करून साठ केले. पैसे दिले, पदराने हात पुसले, आणि मुलाला डिकी उघडायला लावून वरच्या पेटीतले मोठे मोठे सहा हापूस निवडून त्या माणसाच्या हातावर ठेवले.